समूहगान

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोलापुरात हायस्कूलच्या शिक्षकांसाठी संगीताचा प्रशिक्षणवर्ग भरला. करमाळ्याच्या शशिकलाबाईंचं नाव हेडमास्तरांनी परस्पर कळवून टाकलं होतं. बाईंचा गळा असा, की पेटी एका वाटेनं जायची आणि बाई दुसऱ्या. शेवटी समूहगानाची परीक्षा आली, तेव्हा शिकवणाऱ्या बुवांनी साऱ्यांदेखत सुनावलं, "बाई, तुमचा सूर लागत नाही. तुम्ही नुसते ओठ हलवा."

बाईंनी ओठ हलवले. वर्गाबरोबर त्याही पास झाल्या, आणि प्रमाणपत्र मांडीवर घेऊन एस्टीत करमाळ्यापर्यंत रडल्या. जूनपासून शाळेच्या संगीतशिक्षिका त्याच.

पहिल्याच तासाला आठवीतली धनगराची केरा उभी राहिली. "बाई, हितं सूर वर जातोय की. तुमी खाली आलाय." आणि तिनं ती ओळ म्हणून दाखवली. शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा गप्प झाली. व्हरांड्यातून चाललेले हेडमास्तर दारात थबकले.

तास सुटल्यावर बाईंनी केराला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला.



"तुझा सूर लागत नाही गं, पोरी. उद्यापासून नुसते ओठ हलवायचे."