रंध्याची मूठ

थोरला कुलूप घेऊनच आला. चार महिन्यांपूर्वी आईनं करवतीच्या यंत्रावर फळी काठीऐवजी हातानं ढकलली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हाच अंगणातली सुतारकामाची खोली बंद करायची, असं घरातल्या सगळ्यांनी ठरवलं, तिला न विचारता. "आई, आठ बोटं उरलीत, ती तरी जप!" "दोन गेली म्हणून आठांनी माश्या मारत बसायचं?" ती फळीवर रंधा फिरवत म्हणाली. "चूक माझी होती. ती काठी आता यंत्रालाच बांधलीय." चिडून त्यानं तिच्या हातातला रंधा हिसकावला. "हो बाजूला, मी करतो!" पण रंध्याची मूठ त्याच्या हातात काही केल्या बसेना. जुनी काढून तिनं नवी बसवली होती, तीनच बोटांच्या खाचा कोरलेली. आईनं उजवा हात पुढे केला. "दे इकडे. आणि कुलूप आणलंयसच, तर आतून लाव."