बाईंचा नवा नंबर

"मी तुमची वर्गशिक्षिका. जुना फोन पाण्यात पडला, हा माझा नवा नंबर. ओळखपत्रासाठी प्रत्येकाने आपला फोटो पाठवावा."

बाईंनी सातवीच्या पस्तीस मुलांना मेसेज टाकला. दुपार उलटली तरी एकही फोटो आला नाही. अकरा जणांनी तर नंबरच ब्लॉक करून टाकला. अनोळखी नंबरला फोटो द्यायचा नाही, हे आदल्याच दिवशी बाईंनी घसा कोरडा होईपर्यंत शिकवलं होतं. आता कपाळावर हात मारावा की स्वतःचीच पाठ थोपटावी, त्यांना कळेना.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या अबोल मुलीचा मेसेज आला. "खरंच बाई असाल तर सांगा, सोमवारी मी तुमच्याजवळ का रडले होते?"

बाईंना शब्द न् शब्द आठवत होता. त्यांनी भराभर लिहिलं, मग थांबल्या आणि सगळं पुसून टाकलं.

"बाळा, ते तुझं-माझं गुपित आहे. ते मी फोनवर लिहिणार नाही. उद्या कानात सांगेन."

लगेच उत्तर आलं. "बाई, तुम्हीच आहात! फोटो मात्र उद्या हातातच देईन."