प्रत्येक वर्गाला दार

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या हायस्कूलचे प्रिन्सिपल वर्षभराचा अहवाल वाचत होते. नातीच्या शेजारी बसलेले नरेंद्र सर मान डोलावत ऐकत होते. निकाल, खेळ, बक्षिसं. साताऱ्याकडच्या शाळेत हेडमास्तर असताना दर संमेलनात तेही हेच वाचायचे. शेवटी पुढच्या वर्षीचा संकल्प यायचा आणि तो कायम एकच असायचा: सगळ्या वर्गांना दारं बसवू. गावकरी हसायचे. सर निवृत्त झाले तरी वर्ग उघडेच राहिले.

"आणि पुढच्या वर्षी," प्रिन्सिपल म्हणाले, "प्रत्येक वर्गाला नवीन दार!"

सरांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. "बघ, इथेही तेच! पण आहेत ती दारं चांगली दिसतात की गं."

"आजोबा, नवीन बुलेटप्रूफ असणार," हिमानी सहज म्हणाली. "कोणी गन घेऊन आला तरी आम्ही आत सेफ."

सरांचे हात जागच्या जागी थांबले.

"तुमच्या शाळेतली दारं कशी होती?" तिने विचारलं.

"आमच्या वर्गांना दारंच नव्हती," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हे सांगताना त्यांची मान खाली गेली नाही.