डोलकाठीवरचा गोळा

"ब्रश खाली ठेवा आधी!" जोनेट इतक्या जोरात ओरडली, की चित्रकार गिल्क्रिस्टच्या हातातली रंगाची वाटीच निसटली.

सगळं पीटरहेड गाव नगरसभेच्या दालनात लोटलं होतं. भिंतीवरच्या चित्रात भलामोठा हिरवानिळा हिमनग होता आणि त्याच्या पायथ्याशी शिडं उभारलेलं 'लिनेट'. गेल्या वर्षी व्हेलच्या शिकारीला गेलेलं हे जहाज परतलंच नव्हतं. त्याच वर्षी वीस एप्रिलला बर्फात कुणाला तरी तुटक्या फळ्या सापडल्या. तेवढ्यावर एडिंबरहून आलेले जहाजाचे नवे मालक पेट्री यांनी जहाज बुडालं असं ठरवून टाकलं. शोधायला दुसरं जहाज पाठवायचं त्यांनी साफ नाकारलं. त्याऐवजी हे चित्र, आणि खाली पितळी पाटी: 'एप्रिलात बुडालेल्या अठ्ठेचाळीस जणांच्या स्मरणार्थ'. त्यात जोनेटचा नवरा रॉरीही होता.

गिल्क्रिस्ट त्या वसंतात सरकारी मोजणीच्या जहाजावर होता. लांबून 'लिनेट' दिसलं, ते त्यानं वहीत उतरवून घेतलं. तारीख घालायची त्याला सवय नव्हती. हे बुडण्याआधीचं शेवटचं दर्शन, असं सगळेच धरून चालले होते.

पेट्रींना मात्र एक गोष्ट खुपत होती. दोन डोलकाठ्यांमधल्या दोरावर एक काळपट गोळा लटकत होता. "माशी बसल्यासारखं दिसतंय. पुसा ते," त्यांनी फर्मावलं होतं.

"काय गं, चित्रकला कधी शिकलीस?" आता ते जोनेटला म्हणाले.

ती चित्रकाराकडेच बघत होती. "हा गोळा तुमच्या मनचा, की खरंच दिसला?"

"दुर्बिणीतून दिसला, बाई. काय आहे ते मला विचारू नका. दिसलं तसं काढलं."

आनंद जोनेटच्या छातीत मावेना. ती मागच्या बायकांकडे वळली.

"अगं, डोळे उघडून बघा की! आपला गोल हार आहे तो! मार्चमध्ये जहाज निघताना धक्क्यावर आपण दिलेल्या रिबिनींचा!"

बायका एकमेकींना ढकलत चित्रापाशी धावल्या. एकीला रडू फुटलं, दुसरी खदखदून हसायला लागली.

"असेल हार," पेट्री वैतागले. "मग काय?"

"तो एक मेच्या सकाळी वर चढवतात, पेट्रीसाहेब. त्याआधी कुणी चढवत नाही. अपशकुन होतो."

पेट्रींनी चित्राकडे पाहिलं. मग पितळी पाटीकडे पाहिलं. मग ते दाराकडे वळून ओरडले,

"अरे, दुसरं जहाज सोडायला भरती किती वाजता आहे?"