मूकपटातले ओठ

कतारमधल्या दोहाच्या मराठी मंडळाने भिल्लांच्या बंडावरचा शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट लावला होता. इथल्या मुलांना मराठी वाचता येत नाही, म्हणून पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायला चिटणिसांनी माईक माझ्या हाती दिला. मी भिल्ल, साठाव्या वर्षी अक्षरं शिकलेला. मला केवढा मान वाटला. पुढच्या रांगेत माझी नात बसली होती. बंड मोडलं. झाडाला बांधलेल्या म्हाताऱ्या भिल्लावर शिपाई चाबूक ओढू लागला. मुलं हसली. पाटी आली: "सरकार, आम्ही रानटी. क्षमा करा!" मी पाटी सोडून त्या म्हाताऱ्याच्या ओठांकडे बघत राहिलो. तो म्हातारा नट नव्हता, कुठल्यातरी पाड्यावरून धरून आणलेला आमचाच माणूस होता. माझी आई मुकी होती; अक्षरांच्या कितीतरी आधी मी ओठ वाचायला शिकलो. आमच्या बोलीत तो वेगळंच म्हणत होता. "वळवीकाका, यल्ला, चला, पाटी वाचा ना!" चिटणीस ओरडले. मी माईकवर म्हणालो, "तो म्हणतोय, खोटंखोटं मारणार म्हणाला होतास ना? हा चाबूक खरा आहे." "असं कुठं लिहिलंय, काका?" "लिहिणाऱ्याच्या पाठीवर चाबूक नव्हता!" चिटणिसांनी माईक हिसकावला आणि पुढची पाटी स्वतःच वाचली. आता कुणी हसलं नाही. पडद्यावर पुन्हा तोच म्हातारा आला, मान कललेली, ओठ हलणारे. एरवी इंग्रजीतच बोलणारी नात उभी राहिली. "आजोबा, आता काय म्हणतोय तो?" माईक नसला तरी माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "पाणी मागतोय!"