निरोगी नमुना

“लेबलं बदललीस की काय गं?” सूक्ष्मदर्शकातून मान वर न काढता मॅडमनी विचारलं.

हंटिंग्टनच्या रुग्णांच्या दातांतल्या मूळपेशींपासून आम्ही चेतापेशी तयार करत होतो. या आजारात हातपाय आपोआप हलतात, तोल जातो. तो आईवडिलांकडून मुलांत उतरतो. तुलनेसाठी निरोगी माणसाचा दात हवा होता. माझी अक्कलदाढ नुकतीच काढली होती, तीच मी दिली. “चला, तुझी अक्कल कामाला आली,” मॅडम हसल्या होत्या.

आता माझ्या दातापासून केलेल्या चेतापेशीही रुग्णांच्या पेशींसारख्याच मरत होत्या.

गोंधळ शोधायला मॅडमनी जनुकतपासणी करवून घेतली. अहवाल आल्यावर त्यांनी मला आधी खुर्चीत बसवलं. लेबलं बरोबर होती. नमुना माझाच होता, आणि हंटिंग्टनचा दोष त्यात होता.

“घरी कुणाला होतं का गं?”

“नाही,” मी म्हणाले. मग मला बाबांचं चालणं आठवलं.

जिन्यात जाऊन मी आईला फोन लावला. “आई, तू बाबांना घराबाहेर काढलंस, तेव्हा ते खरंच पीत होते?”

“हे काय आता मध्येच? अख्खी गल्ली बघायची की! झोकांड्या खात यायचे, हातातला चहा सांडायचे. वर तुझी शपथ घेऊन सांगायचे, थेंब घेतला नाही म्हणून.”

“तोंडाला वास यायचा?”



“वास नाही आला कधी,” आई म्हणाली. “मला वाटायचं, वेलची चघळून येतात.”