पुढची

तिसरी पिनही मोडली, तशी गुलाबरावांनी हातोडी टेबलावर आदळली. वीस वर्षं रायफल क्लबात झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी त्यांच्या बुडातल्या जळक्या टोप्या त्यांनीच काढल्या होत्या. पुंगळीच्या तोंडातून पिन घालायची, तळाच्या भोकात बसवायची आणि एक टोला हाणायचा, की टोपी खाली. पण उजवा हात आता अर्धांगवायूतून उठलेला. सहा महिने ते बोटांच्या व्यायामासाठी वाटीतले मूग चिमटीनं वेचत होते. शेवंताबाई समोर बसून प्रत्येक दाण्याला म्हणायच्या, "पुढचा."

"संपलं. या खोलीची चावी देऊन टाकतो क्लबच्या सेक्रेटरींना. हात कामातून गेला."

नवऱ्याला एकटं सोडायचं नाही म्हणून शेवंताबाई इथं क्लबातही गोधडी शिवायला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी त्या हाताकडे नीट पाहिलं. तो थरथरत नव्हता. मग गोधडीची जाड सुई काढून त्यांनी टोपी काढलेल्या एका जुन्या पुंगळीत घातली. ती तळातून आरपार गेली. आज आलेल्या नव्या बनावटीच्या पुंगळीत मात्र सुई भोकात शिरेचना.

"अहो, हिचं भोकच बारीक आहे! हाताला कशाला बोल लावताय?"

गुलाबरावांनी आणखी चार पुंगळ्या तपासल्या. सगळ्यांची तीच गत. त्यांनी चौथी पिन उचलली आणि उजव्याच हातानं कानस चालवत तासून बारीक केली.

एक टोला. टोप्या झेलायला खाली ठेवलेल्या मुगाच्या त्याच वाटीत टोपी टणकन पडली.

शेवंताबाई गोधडीतून मान वर न करता म्हणाल्या, "पुढची."